जुन्या कटरची रास्त किंमत

घरातली जुनी वस्तू विकायला काढली की पहिला प्रश्न येतो, किती मागायचे? कपाट असो, शिलाई मशीन असो की सायकल, बहुतेक घरांत या प्रश्नाला दोनच उत्तरे असतात. एक, 'आम्ही एवढ्याला घेतली होती.' दुसरे, 'मिळेल ते घ्या आणि जागा मोकळी करा.' पहिल्या उत्तराने वस्तू वर्षभर पडून राहते. दुसऱ्या उत्तराने ती संध्याकाळपर्यंत जाते, पण तिच्याबरोबर कुणाच्या तरी हक्काचे पैसेही जातात.

या महिन्यात आम्ही एकच वस्तू घेतो आहोत, सुताराचे विजेवर चालणारे कटर. दुकानात त्याला 'सर्क्युलर सॉ' म्हणतात, कामावर सगळे 'कटर' म्हणतात. आपल्या वाचकांत सुतारकाम, फर्निचर, दारे-खिडक्या यांवर चालणारी घरे पुष्कळ आहेत. घरातला मिस्त्री आखातात निघून जातो, वय झाल्यावर काम सोडतो किंवा अल्लाहला प्यारा होतो, आणि मागे हत्यारांची पेटी उरते. करवत, पटाशी, हातरंधा यांचे फारसे पैसे येत नाहीत. पेटीत मोलाचे असते ते मशीन. ते विकण्याची वेळ बहुधा अशा माणसावर येते ज्याने ते कधी हातातही धरलेले नसते.

तीन गिऱ्हाइके, तीन आकडे

मागच्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातले एक सुतार वारले. त्यांचा मोठा मुलगा आमच्या शाळेत आठवीला आहे, त्याच्या पाठच्या दोन बहिणी. मरहूमचे सात इंची कटर पाच वर्षांपूर्वीचे, नावाजलेल्या कंपनीचे. बिल पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले होते, ८,२०० रुपयांचे.

भाभी अजून इद्दतीत होत्या, तेवढ्यात मशीनची विचारपूस सुरू झाली. पुरशाला आलेल्या एका ओळखीच्या ठेकेदाराने निघताना मुलाजवळ निरोप ठेवला, "अम्मीला सांग, मशीन पडून गंजेल. मी दीड हजार देतो, आजच नेतो." जुन्या मशीनचा व्यापार करणाऱ्याने फोनवरच २,२०० सांगितले. तिसरा निरोप आला तो एका सुखवस्तू नातेवाइकाचा. ते म्हणाले, मशीन मला द्या, मी ८,००० देतो. त्यांना मशीनचे काहीच काम नव्हते. मदत करायची होती, एवढेच.

भाभींनी तिन्ही आकडे एका कागदावर लिहून मुलाबरोबर आमच्याकडे पाठवले. खाली एकच ओळ होती, 'सर, यातली खरी किंमत कोणती?'

यातली एकही नाही, असे आम्ही कळवले. दीड हजार ही घेणाऱ्याची सोय होती. बावीसशे ही व्यापाऱ्याची किंमत होती. त्यात त्याचा दुरुस्तीचा खर्च, जागेचे भाडे, मशीन न खपण्याची जोखीम आणि नफा धरलेला असतो, त्यामुळे तिला लूट म्हणता येणार नाही. आणि आठ हजार हा सदका होता, मशीनच्या नावाने दिलेला. याबद्दल भाभींचे म्हणणे आम्हाला पटले. त्यांनी नातेवाइकांना कळवले, "भाईजान, द्यायचे असेल तर मुलांच्या हातात द्या, दुआ करू. पण मशीनच्या नावाने नको. उद्या कुणी विचारले तर तुम्हाला सांगावे लागेल की मशीन महागात पडले."

रास्त किंमत म्हणजे विकणाऱ्याला जास्तीत जास्त मिळेल ती, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. मदत करायची तर मदत म्हणून करावी, आणि मोल द्यायचे ते वस्तूचे द्यावे. दोन्ही एकत्र केले की घेणाऱ्याच्या मनात उपकार राहतो आणि देणाऱ्याच्या मनात ओझे.

समन आणि कीमत

फिकहच्या पुस्तकांत याच फरकासाठी दोन वेगळे शब्द आहेत. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने आपसांत ठरवलेला आकडा तो 'समन'. वस्तूचे खरे मोल ती 'कीमत'. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे दिवाणी कायद्याचा एक संग्रह तयार झाला, तो 'मजल्ला' या नावाने ओळखला जातो. त्यातल्या खरेदी-विक्रीच्या भागात सुरुवातीलाच या दोन शब्दांच्या व्याख्या दिलेल्या आहेत. समन आणि कीमत यांत मोठी तफावत पडली तर तिला 'गबन-ए-फाहिश' म्हणतात. तफावत मोठी कधी समजायची, याचे मापही मजल्लाने दिले आहे: सामानसुमानात विसावा हिस्सा, जनावरांत दहावा, घर-जमिनीत पाचवा. ज्या वस्तूची देवघेव नेहमी होते तिचा भाव चारचौघांना ठाऊक असतो, म्हणून तिथे चुकीला जागा कमी ठेवलेली आहे.

आपल्या देशातल्या १९३० च्या माल विक्री अधिनियमातही जवळचा विचार सापडतो. सौद्यात किंमत ठरलीच नसेल, तर घेणाऱ्याने वाजवी किंमत द्यावी, आणि वाजवी काय ते त्या त्या वेळच्या परिस्थितीवरून ठरवावे, असे तो कायदा सांगतो. म्हणजे सगळ्या जुन्या वस्तूंना लावता येईल असा एकच दर कायद्यानेही दिलेला नाही. वस्तू समोर ठेवून, तपासून, मगच आकडा काढावा लागतो.

आधी मशीन, मग आकडा

तपासणीसाठी आम्ही शेजारच्या गल्लीतल्या एका बुजुर्ग उस्तादांना बोलावले. अट एकच होती, त्यांना स्वतःला मशीन घ्यायचे नसावे. ज्याला घ्यायचे आहे त्यानेच ऐब सांगायचे आणि त्यानेच भाव करायचा, हा बाजाराचा रिवाज आहे. पण विकणाऱ्याला त्यातले काही कळत नसेल तर तिथे तिसरा माणूस हवा.

उस्तादांनी जे पाहिले ते इथे क्रमाने देतो. वाचकांनी हा कागद जपून ठेवावा. मात्र मशीन चालवून पाहण्याचे काम चालवता येणाऱ्याकडूनच करून घ्यावे. आणि हात लावून तपासायचे सगळे काम प्लग काढून.

पहिले म्हणजे अंगावरची पट्टी. तिच्यावर कंपनीचे नाव, मॉडेल, वॅट, मिनिटाचे फेरे, पात्याचा व्यास आणि अनुक्रमांक असतो. पट्टी खरवडून काढलेली असेल तर तिथेच थांबावे. मॉडेल कळले की सुटे भाग मिळतात का, ते विचारता येते. सुटे भाग मिळत नसतील तर चांगले चालणारे मशीनही अर्ध्या मोलाचे होते. इथे एक सावधगिरी बाळगावी. 'ही कंपनी बंद पडली' असे सांगून भाव पाडणारे भेटतात. नाव बदलणे म्हणजे बंद पडणे नव्हे. हिताची कोकीची मशीन २०१८ पासून 'हायकोकी' या नावाने विकली जातात. पेटीवर जुने नाव दिसले म्हणून मशीन भंगार होत नाही.

दुसरे, पाते धरून हळूच पुढे-मागे आणि आजूबाजूला हलवून पाहावे. खळखळ जाणवली तर बेअरिंग गेलेले आहे. बेअरिंग बदलता येते, खर्च फार नाही. पण तसेच चालवत राहिले तर काप सरळ येत नाही आणि पुढे मोटरलाही त्रास होतो.

तिसरे, बैठक, म्हणजे खालची लोखंडी प्लेट. मशीन एकदा जरी उंचावरून पडले असेल तर ती वाकते. पाते आणि प्लेट यांच्या कोपऱ्यात गुण्या लावून पाहावा. काटकोन जुळत नसेल आणि स्क्रू फिरवूनही जुळत नसेल तर प्लेट बदलावी लागेल.

चौथे, वायर. मधे टेप गुंडाळलेले सांधे असतील तर पूर्ण वायर नवी धरावी. प्लग दोन पिनांचा असेल तर घाबरू नये. अंगावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर ते मशीन दुहेरी इन्सुलेशनचे असते, त्याला अर्थिंगची तिसरी पिन नसतेच.

पाचवे, मोकळे चालवून पाहणे. मागच्या जाळीतून कार्बन ब्रशजवळ बारीक निळसर ठिणगी दिसते, ती चालते. ब्रश झिजले असतील तर ठिणगी वाढते, पण ब्रश स्वस्त असतात. मात्र आत गोल फिरणारा नारिंगी जाळ दिसला आणि जळका वास आला, तर आर्मेचर गेल्याची शक्यता आहे. ते महागाचे काम. अशा वेळी मशीनची किंमत काढायची नसते, सुट्या भागांची काढायची असते.

सहावे आणि सर्वांत महत्त्वाचे, खालचा गार्ड. पाते लाकडातून बाहेर आले की हा गार्ड स्प्रिंगने आपोआप मिटून पाते झाकतो. काम भराभर व्हावे म्हणून पुष्कळ कारागीर तो वर करून तारेने बांधून टाकतात. मग मशीन खाली ठेवताना उघडे पाते फिरतच असते, आणि पाते लाकडात अडकून मशीन मागे उसळले तर समोर मांडी असते नाहीतर हात.

मरहूमच्या मशीनचा गार्डही तारेने बांधलेला निघाला. उस्तादांनी तार कापली, आतला भुसा काढला, स्प्रिंग बदलली. गार्ड पुन्हा मिटू लागला. स्प्रिंगचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. बाकी तपासणीत कार्बन ब्रश झिजलेले, एक बेअरिंग ढिले आणि वायरला दोन सांधे, एवढे निघाले. मोटर ठणठणीत होती.

आकडा कसा बसवला

जुनी वस्तू किती वर्षांपूर्वी कितीला घेतली, यावरून सुरुवात करू नये. घेणाऱ्यापुढे आज दोन वाटा असतात, नवे घ्यायचे की तुमचे. म्हणून सुरुवात आजच्या नव्यापासून करावी. त्यातही खोक्यावर छापलेली कमाल किंमत धरू नये, दुकानदार प्रत्यक्षात जीएसटीसह ज्या आकड्याला देतो तो धरावा. आम्ही दोन दुकानांत विचारले. त्याच ताकदीचे, त्याच मापाचे नवे कटर ९,४०० ला मिळत होते.

चालू स्थितीतले, नीट वापरलेले, वॉरंटी संपलेले मशीन आम्ही नव्याच्या निम्म्यापासून धरतो. हा दगडावरचा नियम नाही, सुरुवात करायला एक ठोकताळा आहे. वर्षाच्या आतले, वॉरंटी बाकी असलेले मशीन त्याहून वर जाईल. दहा वर्षे रोज राबलेले खाली येईल. नव्याचे निम्मे म्हणजे ४,७००.

यातून दुरुस्ती वजा केली. ब्रशचे १५०, वायरचे ३००, बेअरिंगचे मजुरीसह ४५०, एकूण ९००. उरले ३,८००.

एक पडताळाही करून पाहिला. आयकराच्या हिशेबात सर्वसाधारण यंत्रसामग्रीला वर्षाला १५ टक्के घसारा धरतात, तोही दर वर्षी उरलेल्या किमतीवर. ८,२०० चे मशीन या हिशेबाने पाच वर्षांनी सुमारे ३,६४० चे राहते. हिशेबवहीतली किंमत आणि बाजारातली किंमत एक असतेच असे नाही, त्यामुळे एवढ्यावरून भाव ठरवू नये. पण दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जवळजवळ निघाले तर ठोकताळा फारसा चुकलेला नाही, एवढे समजते.

मग पाती. पाते ही झिजणारी वस्तू आहे, मशीनच्या किमतीत ती धरू नये, वेगळी मोजावी. कार्बाइडच्या दातांचे एक कोरे पाते पाकिटातच होते, त्याचे ६०० धरले. दुसरे धार लावण्याजोगे होते, एकही दात तुटलेला नव्हता, त्याचे २००. सगळे मिळून ४,६०० झाले.

हा आकडा कागदावर मांडला तेव्हा मुलगा आमच्या शेजारी बसला होता. त्याने बेरीज-वजाबाकी स्वतः करून पाहिली आणि मग विचारले, "सर, मग ते काका दीड हजार का म्हणाले?" आम्ही म्हटले, त्यांनी विचारून पाहिले. विचारण्याला बंदी नाही. पण विकणाऱ्याच्या घरात मौत झाली आहे आणि त्याला भाव माहीत नाही, हे जाणून विचारणे वेगळे.

सौदा

मशीन शेवटी घेतले ते मरहूमच्याच शागिर्दाने. सात वर्षे तो त्यांच्या हाताखाली होता, आता स्वतःची कामे घेऊ लागला आहे. त्याला मशीनची खोड न् खोड माहीत होती. तरीही भाभींनी मुलाकडून उस्तादांचा कागद त्याच्यापुढे वाचून घेतला. ब्रश, बेअरिंग, वायर, आणि गार्ड बांधलेला होता हेसुद्धा.

ऐब सांगून विकणे हा आपल्याकडे धर्माचा भाग आहे. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्या व्यापाऱ्याला ओला भाग वर का ठेवला नाही, असे विचारले होते, ही हदीस आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. ऐब लपवला आणि तो नंतर निघाला, तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क राहतो. त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. पण व्यवहाराच्या बाजूने पाहिले तरी सांगणेच फायद्याचे. दुरुस्तीचे ९०० आधीच वजा केलेले आहेत हे घेणाऱ्याला दिसले की तो त्याच कारणासाठी पुन्हा भाव पाडू शकत नाही. सांगितलेला ऐब एकदाच पैसे कापतो.

शागिर्दाने शंभर कमी करायला सांगितले. ४,५०० ला सौदा ठरला. मजल्लाच्या मापाने ४,६०० चा विसावा हिस्सा २३० होतो, शंभराची घासाघीस त्याच्या आतच बसते. दीड हजाराची मागणी मात्र ३,१०० रुपयांनी खाली होती.

त्याच्याकडे रोख २,००० होते. बाकीचे २,५०० दरमहा ५०० प्रमाणे पाच हप्त्यांत द्यायचे ठरले. शागिर्द म्हणाला, "भाभी, आपल्यात कसला कागद?" भाभींनी पडद्याआडून उत्तर दिले, "आपल्यात आहे म्हणूनच." कुरआनातील सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे लक्षात घेतले तर लिहिण्यात अविश्वास नाही. साध्या वहीच्या पानावर तारीख, मशीनचा अनुक्रमांक, एकूण रक्कम, मिळालेली रक्कम, हप्ते आणि दोन साक्षीदार, एवढे पुरले. प्रत्येक हप्त्याची नोंद मुलगा त्याच पानाच्या मागे करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीड हजारवाले ठेकेदार पुन्हा आले. सौद्याची बातमी त्यांना लागली होती. म्हणाले, मी ४,८०० देतो, रोख, आत्ता. मशीन अजून घरातच होते. पूर्ण रक्कम हातात आली असती आणि वर तीनशे जास्त. भाभींनी मुलाकरवी सांगितले की जबान दिली आहे. एकाचा सौदा झाल्यावर दुसऱ्याने त्यावर सौदा करू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पाळण्याची वेळ अशी तीनशे रुपयांसाठी येते. आमच्या मते या भेटीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. पंधराशेवरून अठ्ठेचाळीसशेवर आलेल्या माणसाला मशीनची कीमत पहिल्या दिवसापासून माहीत होती.

पैसे कुणाचे?

आता जी गोष्ट आपल्या घरांत सर्वांत जास्त विसरली जाते, तिच्याकडे येऊ. ते मशीन विकण्याची जबाबदारी भाभींवर आली होती, पण मशीन एकट्या भाभींचे नव्हते. माणूस गेला की त्याची प्रत्येक वस्तू तरका होते. त्यातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, ज्यात न दिलेला महरही येतो, मग एक तृतीयांशाच्या आत वसीयत असेल तर ती, आणि उरलेले वारसांचे. इथे कर्ज आणि वसीयत काही नव्हते, मरहूमचे आई-वडीलही हयात नव्हते. वारस म्हणजे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. पत्नीचा आठवा हिस्सा, बाकी सात हिस्से मुलांचे, त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट.

४,५०० रुपयांत भाभींचे ५६२ रुपये ५० पैसे होतात. बाकी ३,९३७ रुपये ५० पैसे तीन अल्पवयीन मुलांचे. तेच मशीन दीड हजाराला गेले असते, तर प्रत्येक मुलीच्या वाट्याचे साडेसहाशेहून अधिक रुपये गेले असते. शाळेत शिकवताना आम्ही रोज पाहतो, एवढ्या पैशांत एका मुलीची वर्षाची वह्या-पुस्तके होतात.

म्हणूनच मजल्लाने यतीमांच्या मालाला वेगळा नियम लावला आहे. मोठ्या माणसाने आपली वस्तू स्वस्तात विकली आणि त्यात कुणी त्याला फसवलेले नसेल, तर केवळ तफावत मोठी आहे म्हणून सौदा मोडता येत नाही. आपल्या मालावर आपली मर्जी चालते. पण माल यतीमाचा असेल तर फसवणूक झालेली नसली तरी गबन-ए-फाहिशचा सौदा ग्राह्य धरला जात नाही. वक्फच्या आणि बैतुलमालच्या मालालाही तोच नियम आहे. ज्याला स्वतः 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या वतीने कायदा 'नाही' म्हणतो.

आपल्याकडे असे मशीन, अशी दुचाकी, असे दुकानातले सामान पुरशाच्या दिवसांतच हातोहात जाते. घेणारे बहुधा ओळखीचे असतात. 'भाभींचे ओझे कमी केले' असे त्यांना मनापासून वाटतही असेल. पण इद्दतीचे चार महिने दहा दिवस थांबल्याने कटरचे काही बिघडत नाही. पाते काढून त्याला तेलाचा हात फिरवावा, मशीन कापडात गुंडाळून ओल लागणार नाही अशा उंच जागी ठेवावे. घरखर्चाला पैसे हवेच असतील तर ते द्यायला नातेवाईक आहेत, मोहल्ला आहे, जकात आहे. मशीनला घाई नसते, घाई घेणाऱ्याला असते.

घेणाऱ्यांसाठी

जे वाचक स्वतः कारागीर आहेत आणि जुने मशीन घेऊ इच्छितात, त्यांनाही चार शब्द. पुण्याच्या जुना बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात नशीब आजमावायला हरकत नाही, पण चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल, पेटी किंवा निदान विकणाऱ्याचे नाव-पत्ता आणि त्याच्या सहीची पावती घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असूनही तो घेणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मशीनवर कमावलेली रोजीही मनाला लागून राहते.

भाव करताना खरा ऐब दाखवून भाव करा, मालाला नावे ठेवून करू नका. मित्राला खोटे गिऱ्हाईक बनवून आकडा वर-खाली करवणे, याला 'नज्श' म्हणतात आणि ते मना आहे. आणि मशीन हातात आल्यावर पहिल्याच दिवशी गार्ड मिटतो का ते पाहा. तारेने बांधलेला असेल तर ती तार आधी कापा, मग लाकूड कापा. स्वस्तात घेतलेल्या मशीनवर एक बोट गेले तर सौदा महागाच पडला.

विकणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. आजच्या नव्याचा दुकानातला भाव विचारावा. ज्याला घ्यायचे नाही अशा जाणत्याकडून तपासून घ्यावे. नव्याच्या निम्म्यापासून सुरू करून दुरुस्ती वजा करावी, जादा सामान वेगळे मोजावे. व्यापाऱ्याचा भाव विचारून ठेवावा, म्हणजे खालची हद्द कळते. ऐब वाचून दाखवावेत, उधारी लिहावी. आणि आकडा बोलण्यापूर्वी, या वस्तूत कुणाकुणाचा हिस्सा आहे, ते बोटांवर मोजून पाहावे.

शिलाई मशीनबद्दल काही भगिनींनी विचारले आहे. त्याचा हिशेब थोडा वेगळा बसतो, कारण चांगले ठेवलेले पायाचे मशीन कटरसारखे लवकर झिजत नाही. तो पुढच्या अंकात मांडू, इन्शाअल्लाह.